एकाच वेतातले दोघे

सरपंच आबासाहेबांचा कुत्रा पोस्टमनला चावला आणि आबांनी खापर फोडलं जातीवर. "ही अवलादच चावरी. माझ्या कुत्र्यासंगं मायाक्काचा कुत्राही मारा." चावडीवरच्या म्हाताऱ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या.

दोन्ही कुत्रे मायाक्का धनगरणीच्या कुत्रीचे, एकाच वेतातले. तिच्या मेंढरांना दुसरा राखण्या नव्हता.

ती म्हणाली, "मारा की. पण आधी दोघांसमोर काठी उगारा, आबा."

आबांनी काठी उगारली. त्यांचा कुत्रा दात विचकून त्यांच्याच अंगावर धावला. मायाक्काचा मात्र काठीचं टोक बघून, जणू चुकलेलं मेंढरू शोधायला त्या दिशेनं सुटला.

"आई एकच आहे, आबा," मायाक्का म्हणाली. "मी काठीनं वाट दाखवते. तुम्ही काठीनं काय करता, ते तुमच्या कुत्र्यानं आत्ताच चावडीला सांगितलं."