दसऱ्याची चाकं

मोटारी अजून बोलत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. एका बर्फाळ मुलखात केळुसकरांची लाल मोटार होती. हिवाळ्यात केळुसकर तिची मोठी, चकचकीत चाकं काढून लहान चाकं बसवत. त्यांचे खाचांचे टायर बर्फात घट्ट पकड घेत.

त्या वर्षी दसऱ्याआधीच गारठा पडला. केळुसकर लहान चाकं घेऊन आले, तशी मोटार फुरंगटली. "उद्या माझी पूजा! चारचौघांत अशी ठेंगणी दिसू?"

लहान चाकं म्हणाली, "अगं, बर्फ काय मुहूर्त बघून पडतो?"

पण केळुसकरांनाही मोह झाला. "एका दिवसानं काय होतंय?" म्हणत त्यांनी ती परत ठेवून दिली.

दसऱ्याला मोटारीला झेंडूचा हार चढला, चकचकीत चाकांखाली लिंबं फुटली. संध्याकाळी केळुसकर सोनं वाटायला निघाले आणि बर्फ भुरभुरू लागला. उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, मोटार थांबली नाही.

केळुसकर बचावले. मोटारीचा चेंदामेंदा झाला. त्यांनी तिचा चुरगळलेला हार आणून लहान चाकांवर ठेवला.

चाकं हळूच म्हणाली, "आम्हाला हार नको होता हो. रस्ता हवा होता."