चमचाभर विरजण

फार पूर्वी मांजरं आपला स्वयंपाक आपणच करत, तेव्हाची गोष्ट. डोंगरातल्या एका घळीत सोनकी मांजरी आणि तिचा धाकटा भाऊ भुऱ्या राहत. सोनकी शितभरही वाया घालवत नसे. उरलेल्या भाताला ती फोडणी घाली, शिळी भाकरी ताकात कुस्करी आणि रोज चमचाभर दही थंड कपारीतल्या लोटक्यात राखून ठेवी.

"अक्के, एवढ्याशा दह्यानं उंदराचं तरी पोट भरेल का?" भुऱ्या चिडवी.

"मेल्या, ते पोटासाठी नाही. उद्याचं दूध विरजायला आहे."

एकदा तापाचं निमित्त झालं आणि सोनकी गेली. भुऱ्याने कितीतरी दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मग एकदम भूक उसळली. कपारीत जे होतं ते सगळं त्याने रडत रडत खाल्लं. शेवटी लोटकं हाती लागलं. त्यातल्या दह्याला अक्काच्या हातची चव होती. त्याने लोटकं चाटूनपुसून लख्ख केलं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्याच लोटक्यात दूध ओतलं आणि वाट पाहत बसला. दूध नासलं, पण दही काही लागलं नाही.

तेवढ्यात शेजारची साळू मावशी काटे सावरत वाटी घेऊन आली. "थोडं विरजण दे रे. मी मेलीनं कधी राखलंच नाही. म्हटलं, सोनकी आहे ना!"

भुऱ्याने नासलेल्या दुधाचं लोटकं तिच्यापुढे सरकवलं. "मावशी, मला वाटलं, अक्कानं ते माझ्यासाठीच ठेवलंय."

"तुझ्यासाठीच होतं रे बाळा," मावशी रिकामी वाटी खाली ठेवत म्हणाली, "रोजच्यासाठी होतं."