न झाडलेली गोळी

पुष्कळ वर्षांपूर्वी माळावरच्या एका गावात राणोजी शितोळे नावाचे नेमबाज राहत. जन्मभर त्यांनी पुठ्ठ्याच्या लक्ष्याखेरीज कशावरही गोळी झाडली नव्हती. त्यांच्या कपाटात दोन लाडकी शस्त्रं होती, अक्रोडी दस्त्याची लांब रायफल आणि एक ठेंगणं पिस्तूल.

"माझ्यामुळेच धन्यांचं नाव झालं," रायफल म्हणायची.

"आणि माझी पदकं काय झाडाला लागली?" पिस्तूल चिडायचं.

म्हातारपणी राणोजी शेवटच्या स्पर्धेला उतरले, ते रायफल घेऊन. ती फुलून गेली. शेवटची गोळी उरली. ती मधोमध लागली की अजिंक्यपद त्यांचंच होतं. राणोजींनी दस्त्याला गाल टेकवला, श्वास रोखला, आणि त्यांचे थरथरणारे हात एकदम स्थिर झाले. रायफलीला वाटलं, सारा माळच थांबलाय.

तेवढ्यात लक्ष्यासमोर एक टिटवी आली, मागोमाग तिची पिल्लं.

"धनी, गोळी वरून जाईल! झाडा!" रायफल कळवळली.

बोट चापावरून अलगद दूर झालं. "जा बाई, सावकाश जा," राणोजी पुटपुटले. पिल्लं गवतात शिरेपर्यंत वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

कपाटात परतल्यावर पिस्तुलानं विचारलं, "हुकलीस ना?"

"नाही रे," रायफल हळूच म्हणाली. "इतकी वर्षं मी फक्त लक्ष्याकडे बघत होते. आज पहिल्यांदा धन्यांचं बोट पाहिलं. मागं घेतानासुद्धा ते जराही थरथरलं नाही."