एकशे आठवी ओवरी

एका राज्यात, जिथले राजे उदार होते आणि डोंगर अबोल होते, उंबरगिरीचा मठ होता. हा मठ कोणी बांधत नसे. तो वाढत असे.

मुळात तिथे एक उंबर होता. त्याखाली आदिस्वामी येऊन बसले. शिष्यांनी गवताची झोपडी शाकारली, राजाने दगडी मंडप दिला. इथवर सगळे माणसांच्या हातचे. पण आदिस्वामींना समाधी दिल्यापासून दर आषाढी पौर्णिमेच्या सकाळी मठात एक नवी ओवरी उगवलेली दिसे. दारावरच्या पट्टीवर कोणाचे तरी नाव असे. त्या नावाचे माणूस सूर्य मावळायच्या आत चालत येई, ओवरीत मांडी घाली आणि पुन्हा उठत नसे. श्वास चालू, डोळे उघडे, बोलणे बंद. लोक ह्याला कृपा म्हणत! राजा दरसाल वस्त्रे पाठवी. शेजारचे मठ जळफळत, कारण त्यांच्याकडे साधी पडवीही वाढत नव्हती.

मागचे तिन्ही आचार्य असेच ओवऱ्यांत जाऊन बसले होते. आता गादीवर निजबोध होते. त्या पौर्णिमेला एकशे आठवी ओवरी उगवली आणि वृद्ध कारभारी हसतमुखाने सांगत आला.

"कृपा झाली, स्वामी. आपल्या पूर्वाश्रमावर झाली."

पट्टीवर नाव होते अंबाक्का. निजबोधांची आई. डोंगराच्या पायथ्याशी राहून ती मठाच्या पंगतींसाठी पत्रावळी लावत असे.

संन्यास घेताना निजबोधांनी स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने घातले होते. नाती तिथेच सुटली. पण शास्त्राने एक वाट मोकळी ठेवली आहे. सारे जग संन्याशाला नमस्कार करते, संन्यासी आईला करतो. निजबोधांनी पट्टीवरचे नाव पुन्हा वाचले. कृपेची भीती वाटते हे मनात कबूल करायला त्यांना आईचे नाव दिसावे लागले, ह्याची त्यांना लाजही वाटली.

ते उंबराखाली गेले. तिथे एक आंधळी साळुंकी होती. झोपडीच्या काळापासून ती त्याच फांदीवर होती आणि विचारल्याशिवाय बोलत नसे.

"हा मठ का वाढतो?" निजबोधांनी विचारले.

"खाली बसलेल्याला एकटे करमत नाही म्हणून," साळुंकी म्हणाली. "संन्याशाला समाधीत बसवले की शिष्याने शंखाने त्याचे मस्तक फोडायचे असते. प्राण तिथून मोकळा होतो. आदिस्वामींच्या पहिल्या शिष्याचा हात उठला नाही. त्याने शंख नुसता टेकवला आणि मंत्र मोठ्याने म्हटला. सगळ्यांना वाटले, झाले."

"आता काय करायचे?"

"तीन दारे आहेत. आत जा. राहिलेले काम कर."

ऊन कलले होते, तरी मठात सावली पडत नव्हती. निजबोध बाहेरून आत, नव्याकडून जुन्याकडे चालू लागले. पहिल्या दारी तिसरे आचार्य बसले होते. त्यांचे ओठ हलले नाहीत, तरी आवाज आला. "दंड ठेव." निजबोधांनी हातातला दंड ठेवला. दुसऱ्या दारी दुसरे आचार्य होते. "मठ पुन्हा कधी वाढणार नाही. राजा येणार नाही. चालेल?" "चालेल," निजबोध म्हणाले. तिसऱ्या दारी पहिले आचार्य, म्हणजे आदिस्वामींचा पहिला शिष्य होता. त्याच्या मांडीवर शंख होता आणि गालांवर न सुकलेले पाणी होते, एकशे आठ वर्षांचे.

"तुझा हात उठेल?" त्याने विचारले.

"माहीत नाही."

"मी हो म्हणालो होतो," शिष्य म्हणाला आणि त्याने शंख पुढे केला.

दारामागच्या पायऱ्या खाली उतरल्यावर खारट वास आला. आदिस्वामी गळ्यापर्यंत समाधीत भरलेल्या मिठात बसले होते. उंबराची मुळे त्यांच्या जटांत शिरली होती. डोळे प्रेमळ होते.

"आलास? बस. सगळे येतात आणि वरच बसतात. खाली कोणी येत नाही."

निजबोधांनी शंख उचलला. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. इतक्या मायेने बोलणाऱ्यावर हात उचलायचा कसा? तेवढ्यात वरून पावलांचा आवाज आला. पाठोपाठ आईचा.

"अरे, कुणी धरा मला! पाय चालताहेत, मी नाही चालत!"

हात तरीही उठेना. मग निजबोधांनी शंख खाली घेतला, गुडघे टेकले आणि जे कोणी बोलले नव्हते ते बोलले.

"स्वामी, आपण वारलात."

मीठ करकरले.

"केव्हा?"

"एकशे आठ वर्षे झाली."

"मग मला सांगितले का नाही कुणी?"

"सगळ्यांचा फार जीव होता आपल्यावर."

आदिस्वामींनी डोळे मिटले. ते थकलेले दिसले, रुसलेलेही दिसले. मग त्यांनी मान खाली घातली. "एकदाच मार. नीट मार."

निजबोधांनी एकदाच मारले.

वर एकशे आठ ओवऱ्या जमिनीत उतरल्या, पाणी मुरावे तशा. माणसे उघड्यावर बसलेली उरली. हळूहळू ती गुडघे चोळत उठली आणि घराच्या वाटा विचारू लागली. तिन्ही आचार्य उठले नाहीत, त्यांना परतायला घर नव्हते. ते आडवे झाले, आणि शिष्यांनी त्यांना त्याच संध्याकाळी रीतीप्रमाणे समाधी दिली. शंख तिन्ही वेळा मस्तकावर नीट वाजला. साळुंकी फांदीवरून उडाली.

एक पाऊल उचलून अंबाक्का उभी होती, जिथे तिच्या ओवरीचा उंबरठा होता तिथे. निजबोधांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.

"हाताला मीठ कसलं लागलंय रे तुझ्या?" तिने विचारले. तिने तो हात आपल्या पानांनी हिरवट झालेल्या बोटांत धरून ठेवला.

उंबरगिरीला आज झोपडी आहे, मंडप आहे, आणखी काही नाही. दीक्षा मागायला येणाऱ्याला तिथे एकच प्रश्न विचारतात, "वेळ आली तर हात उठेल?" जो छाती काढून हो म्हणतो, त्याला जेवू घालून परत पाठवतात.