चंडोलाने परत केलेले आवाज

एका उघड्याबोडक्या माळरानावर एक टिटवी राहत असे, आणि सारा माळ आपल्याच जिवावर उभा आहे असे तिला मनापासून वाटे. तसे वाटण्यात तिची फारशी चूकही नव्हती, मुलांनो. माळावर झाडे म्हणावीत तर थोड्या बोरी-बाभळी, बाकी नुसते गवत आणि गोटे. लपायला जागा कुठली! ओढ्यापलीकडून लांडगा निघाला की तो सर्वांत आधी टिटवीला दिसायचा. 'टिट् टिट् टिटीव' अशी तिची खणखणीत हाक आली की काळवीट चौखूर उधळत, ससे गवतात दडत आणि तित्तर आपल्या पिलांना पंखाखाली घेत. म्हणून ती पाणवठ्यावर आली की थोरथोर काळवीटसुद्धा बाजूला सरून तिला वाट देत. "टिटवीबाई आहेत म्हणून झोप लागते हो," असे कोणी म्हणाले की तिची मान आणखी वर जाई.

त्याच माळावर एक चंडोल होता. मातकट रंगाचा, डोक्यावर इवलासा तुरा, आणि अंगाने एवढासा. त्याला ना शिंगे होती, ना राखण करण्याचे काम. दिवस उगवला की तो आभाळात सरळ वर वर चढायचा आणि गायचा. त्याचे गाणे मात्र न्यारेच होते. त्यात तित्तराची किलबिल असे, होल्याचे घुमणे असे, मुंगसाची चिडचिड असे, काळविटाचे फुरफुरणे असे आणि मधूनच टिटवीची हाकही असे. हे सारे तो असे काही गुंफायचा, की खाली चरणारे जनावर आपला आवाज आला की कान टवकारी, गालात हसे आणि शेजाऱ्याचा आवाज येईपर्यंत तोंडातला घास तसाच धरून थांबे. माळावरची सकाळ रोज अशी सुरू व्हायची. रोजचेच असल्यामुळे त्याचे कोणाला काही वाटत नसे.

त्या उन्हाळ्यात टिटवीवर मोठे दुःख कोसळले. तिने गोट्यांमध्ये अंडी घातली आणि थोड्याच दिवसांत तिच्या जोडीदाराला ससाण्याने उचलून नेले. आधी दोघे मिळून राखण करीत. ती हाक देई आणि दुसऱ्या टोकाहून तो उत्तर देई. आता उत्तर बंद झाले. ती अंड्यांवर एकटीच बसून राही, आणि सकाळी चंडोल आभाळात चढून टिटवीची हाक गाऊ लागला की धडपडून उठे. तो आला की काय, असे क्षणभर तिला वाटे. मग वर पाहावे तर हा मातकट चंडोल! तिच्या काळजाला घरे पडत. पण दुःख झाले असे सांगणे तिच्या स्वभावात नव्हते. तिला राग येणे सोपे जाई.

एके दिवशी ती तणतणत थोरल्या काळविटाकडे गेली. हा काळवीट माळावरचा सर्वांत वडील, आणि सगळ्यांचे तंटे तोच मिटवीत असे. त्याने चंडोलाला बोलावले. बघता बघता सारा माळ बोरीखाली जमला.

"आबा, हा चोर आहे," टिटवी म्हणाली. "याचं स्वतःचं काय आहे, विचारा त्याला. तित्तराचं तित्तरानं कमावलं, होल्याचं होल्यानं कमावलं. माझ्या हाकेसाठी मी दिवसरात्र डोळ्यांत तेल घालून बसते. आणि हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो!"

"टिटवीताई, मी माळावर जे ऐकतो तेच गातो," चंडोल म्हणाला. "दुसरं कुठून आणू?"

"म्हणजे कबूल आहे चोरी," मुंगूस पुटपुटले. आजवर त्याला चंडोलाचे गाणे आवडत होते. पण आपलेही काही चोरीला गेले आहे हे कळल्यावर कोणाला स्वस्थ बसवते?

थोरला काळवीट पेचात पडला. माळावर एक रीत होती. कोणी दुसऱ्याची वस्तू घेतली, मग ते बोर असो की सावलीतली जागा, तर ती मालकाच्या पायापाशी ठेवायची, मागे सरायचे आणि पुन्हा तिला शिवायचे नाही. आवाज परत करण्याची वेळ मात्र आजवर कधी आली नव्हती. बराच विचार करून तो म्हणाला, "रीत ती रीत. चंडोला, ज्याचा आवाज त्याच्यासमोर एकदा काढ आणि मागे सर. नंतर तो कधीही काढायचा नाही."

मग काय, बोरीखाली रांग लागली! चंडोलाने तित्तराला तित्तराचा आवाज दिला आणि तो मागे सरला. होल्याला होल्याचा दिला, मुंगसाला मुंगसाचा. ससा तर आयुष्यात कधी ओरडला नव्हता. पण सगळ्यांना काहीतरी मिळते आहे आणि आपणच राहू, या भीतीने तोही रांगेत उभा राहिला. चंडोल त्याच्यासमोर क्षणभर गप्प उभा राहिला आणि मागे सरला. ससा खूश होऊन गेला. शेवटी टिटवीची पाळी आली. चंडोलाने तिची हाक इतकी हुबेहूब दिली, की तिला नकळत मागे वळून पाहावेसे वाटले. पण तिने स्वतःला सावरले.

"संपलं ना आता? पुन्हा ऐकू येता कामा नये," ती म्हणाली.

"नाही येणार, ताई. शब्द दिला," चंडोल म्हणाला. सगळ्यांचे सगळे देऊन झाल्यावर त्याच्या गळ्यात स्वतःचे असे एक कोरडे 'चिर्र' तेवढे उरले. तेवढ्यासाठी आभाळात चढायची गरज नव्हती. तो एका गोट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून माळावरची सकाळ मुकाट्याने उजाडू लागली. ज्याला त्याला आपला आवाज परत मिळाला होता खरा, पण त्याचे करायचे काय हे कोणालाच कळेना. आता ज्याला त्याला आपलेच तेवढे ऐकू येई. तित्तराचे बरे आहे ना, होला आज का घुमला नाही, याची चौकशी कोणी करेना. बाभळीच्या सावलीवरून होला आणि तित्तर भांडले. मुंगसाने आपल्या बिळापासून कोणी जायचे नाही असे बजावले. पूर्वी काळवीट आणि ससे एकाच गवतात चरत. आता काळवीट म्हणू लागले, की ससे आमचे गवत तुडवतात. ससे गवत तुडवतात म्हणे! भांडायचेच असले की कारणांना काय तोटा?

टिटवीला तर त्या शांततेची भीतीच वाटू लागली. मग ती शांतता भरून काढण्यासाठी ती ओरडत सुटली. कावळा दिसला की ओरडे, वावटळ उठली की ओरडे, लांबून म्हैस गेली तरी ओरडे. पहिल्यांदा सगळे पळाले. मग नुसत्या माना वर करून पाहू लागले. नंतर कोणी मानही वर करेना. वरून उन्हाळ्याच्या झळा आणि धुरळा. एके सकाळी तिने चोच उघडली तर आतून नुसते 'हस्स' आले. घसा साफ बसला होता. नेमकी त्याच सकाळी तिची अंडी तडकली आणि गोट्यांच्याच रंगाची पिले बाहेर आली. पिलांना बघून तिला आनंदाचे भरते आले आणि लगोलग धडकी भरली. राखणदारणीचा आवाज गेला, हे सांगायचे तरी कोणत्या तोंडाने? तिने कोणालाच सांगितले नाही. खोटा दिमाख असा नडतो, मुलांनो.

आणि त्याच दिवशी, उन्हे चढायच्या आत, ओढ्यापलीकडून लांडगा आला. पोट जमिनीला टेकवून, वाऱ्याच्या उलट्या बाजूने, गवतातून सरकत तो येत होता. त्याच्या वाटेवर आधी टिटवीची पिले होती आणि त्यापुढे काळविटांची नुकती जन्मलेली पाडसे झोपली होती. टिटवीने जीव खाऊन हाक दिली. 'हस्स.' ती काळविटांच्या डोक्यावरून पंख फडफडवत गेली, त्यांच्या शिंगांना घासून गेली.

"टिटवीबाईंचं हे रोजचंच झालंय," एक काळवीट गवत चावत म्हणाला. "आज काय, मुंगी दिसली वाटतं!"

एवढ्यात टिटवीची नजर चंडोलाच्या गोट्यावर गेली. चंडोल ताठ उभा होता. लांडगा त्यालाही दिसला होता. त्याने चोच उघडली, आणि मिटली. पुन्हा उघडली, आणि मिटली. त्याने शब्द दिला होता ना! कधीही काढणार नाही असा, साऱ्या माळासमोर, तिलाच. तो तिच्याकडेच पाहत होता.

टिटवी त्याच्यापुढे उतरली. 'ओरड' असे सांगायला तिच्यापाशी आवाज नव्हता. मग जी मान पाणवठ्यावर कधी कोणापुढे लवली नव्हती, ती तिने खाली घातली आणि आपली चोच चंडोलाच्या पायापाशी धुळीत टेकवली. ती मागे सरली.

चंडोलाला कळले. तो गोट्यावरून जो उठला तो सरळ आभाळात, आणि तिथून हाक आली, 'टिट् टिट् टिटीव! टिट् टिट् टिटीव!' आज ती कशात गुंफलेली नव्हती. आज ती नुसती होती, उघडी आणि खणखणीत, आणि कितीतरी दिवसांनी आभाळातून येत होती. थोरला काळवीट ताडकन उठला. "पळा!" पाडसे उठली, काळविटांचा कळप वाऱ्यासारखा निघून गेला, ससे दडले, तित्तरांनी पिलांना पंखाखाली ओढले. टिटवीची पिले एक दिवसाचीही नव्हती. पण अंड्यात असताना ऐकलेली ती हाक त्यांनी ओळखली आणि ती जिथल्या तिथे गोट्यांत चपटी होऊन पडली. लांडगा त्यांच्या अगदी शेजारून गेला. त्याला दिसले ते नुसते गोटे. हात हलवत परत जाण्याशिवाय त्याच्यापुढे इलाज उरला नाही.

लांडगा ओढ्यापलीकडे गेल्यावर चंडोलाने खाली यायला हवे होते. पण इतक्या दिवसांचे साठलेले गाणे एकदा सुटल्यावर ते थांबते कुठले! त्याच्या हाकेला तित्तराचा आवाज येऊन मिळाला, त्यात होला घुमला, मुंगूस चिडचिडले. आपली वस्तू पुन्हा शिवली म्हणून त्या दिवशी कोणीही तक्रार केली नाही. ज्या सावलीवरून भांडण झाले होते तिच्याखाली होला आणि तित्तर शेजारी शेजारी उभे राहून वर पाहत होते. सशाला मात्र चुकल्यासारखे झाले. पण मग गाण्यात एका जागी चंडोल क्षणभर थांबला, नुसता वारा ऐकू आला, आणि ससा शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाला, "हा मी!"

टिटवी पिलांना पोटाखाली घेऊन ऐकत होती. गाण्यात तिची हाक आली. आणि त्यामागून, जरा लांबून, जरा जाड आवाजात, तिला उत्तर आले. तो तिच्या जोडीदाराचा आवाज होता. बोरीखाली तिने आपला आवाज तेवढा परत मागून घेतला होता. त्याचा मागायला कोणी उरलेच नव्हते, आणि चंडोलाने तो जपून ठेवला होता. त्या सकाळी टिटवी रडली आणि तिने ते लपवले नाही. "ऐका, बाळांनो," ती बसक्या घशाने पिलांना म्हणाली, "ते तुमचे बाबा."

पावसाळा आला, गेला. टिटवीचा घसा सुटला. पिलेही मोठी झाली, आणि हाक कशी द्यायची हे ती आईकडून शिकली. उत्तर कसे द्यायचे ते चंडोलाकडून. थंडी सुरू झाली तेव्हा परमुलखातून भोरड्यांचा मोठा थवा माळावर उतरला. फार लांबून आलेली, पुष्कळ रानेवने पाहिलेली ती पाखरे. सकाळी आभाळातून सूर येऊ लागताच त्यांची कलकल थांबली. एक म्हातारी भोरडी बराच वेळ वर पाहत राहिली.

"इतकी गावं हिंडले, पण असं कुठं ऐकलं नाही," ती टिटवीला म्हणाली. "कोण गातंय हो बाई?"

टिटवीने एकवार साऱ्या माळावर नजर फिरवली. तिकडे काळवीट कान टवकारून उभे होते, ससे गवतातून माना काढून बसले होते, थोरल्या काळविटाच्या तोंडात घास तसाच होता. तिची मान वर गेली, पूर्वी जायची त्याहूनही वर.

"आमचा माळ गातोय," ती म्हणाली.

तात्पर्य : कलावंत समाजाकडून जे घेतो ते सर्वांचे करून सर्वांना परत देतो; आणि ज्या समाजाला स्वतःचे गाणे ऐकू येते, तोच एकमेकांच्या हाकेला धावतो आणि ताठ मानेने जगतो.