खांबामागची हिरू

"म्हणजे चित्र बदललं?"

"नाही महाराज. चित्र तेच. फक्त फाईलचा प्रकार बदलला."

"मग आधीच्या प्रकारानं काय बिघडवलं होतं?"

हेरंबला हसू आलं. गोविंदगिरी महाराजांना कॉम्प्युटरमधलं काही समजावून सांगायचं म्हटलं की त्याला भारी हुरूप यायचा. सबंध मठात हा एवढा एकच विषय असा होता, ज्यात गुरू विचारायचे आणि शिष्य सांगायचा. एरवी सगळा मामला उलटा.

"आधीच्या फाईली कच्च्या होत्या. कॅमेऱ्यातून निघतात तशाच. रॉ म्हणतात त्यांना. एकेक अवाढव्य, आणि कुणाच्या मोबाईलवर उघडायची नाही. भक्तांनी फोटो मागितला की पंचाईत. मी सगळ्यांच्या जेपीजी करून टाकल्या. आता कुठेही उघडा."

त्यानं झब्ब्याच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून तळहातावर ठेवला.

"रासल मास्तरांनी काढलेले सगळे दीपोत्सव यात आहेत."

महाराजांनी वाकून बघितलं, पण हातात घेतला नाही.

"एवढं सगळं एवढ्याशा जागेत?"

"हो."

"मग काहीतरी बाहेर राहिलं असणार."

"डोळ्यांना दिसेल असं काही नाही, महाराज. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघितलेत मी. तंतोतंत सारखे. जे दिसत नाही, तेवढंच गळतं."

महाराज आसनावर मागे टेकले.

त्यांना पटलं, असं हेरंब धरून चालला. हल्ली तो बरंच काही धरून चालायचा. परवा पौर्णिमेला त्याला दीक्षा मिळणार होती. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तो इथे घाटमाथ्याजवळच्या या आडबाजूच्या मठात येऊन राहिला होता, आणि आपण काय काय सोडलं, हे त्यानं मठात दूध घालायला येणाऱ्या बाईलासुद्धा सांगून झालं होतं. सोडायचं एवढंसं काही उरलंच असेल, तर ते हे सांगणं. पण ते कोण बोलणार?

या मठाची एक रीत होती. कार्तिकी पौर्णिमेच्या दीपोत्सवात विजेचा दिवा लावायचा नाही. मेन स्विच सरळ बंद. अंगणात, ओवरीत, खांबाखांबाशी तेलाच्या पणत्या, त्यांचा जेवढा उजेड पडेल तेवढाच. कॅमेऱ्याचा फ्लॅशही चालत नसे. गावच्या शाळेतले चित्रकलेचे रासल मास्तर त्या उजेडात वर्षानुवर्षं फोटो काढत आले. त्यामुळे फोटोत पणत्या दिसत, पणत्यांजवळचे चेहरे दिसत, आणि बाकी सगळा काळोख. मास्तर वारण्याआधी फोटोंची डिस्क मठाला देऊन गेले. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर मुलांनी मोडीत घातला.

"म्हाराज…"

उंबऱ्याशी एक धनगरीण उभी होती. मठाखालच्या शेतात सकाळपासून मेंढरं बसली होती, त्यातलीच. कोकणात उतरायच्या आधी धनगर इथे मुक्काम करत. अंगावर इरकली लुगडं, हातात गोठ, पायांवर धूळ. वय झालेलं होतं, पण ताठ होती.

"ये बाई," महाराज म्हणाले. "बनाबाई ना तू? किती वर्षांनी…"

"व्हय जी. मास्तरांचं फोटू हितं हायेत म्हनं?"

हेरंबची कळी खुलली. कामाचं चीज व्हायला मुहूर्त बघावा लागला नाही.

"आहेत ना, मावशी! बसा. कुठला हवाय? मोबाईल असेल तर लगेच टाकतो."

"मोबाईल धन्यापाशी हाय. मला कागदावर पायजे. माज्या हिरूचा."

हेरंबनं लॅपटॉप उघडला. ती पदर सावरून त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि सांगू लागली. त्या साली हिरू सहा वर्षांची होती. दीपोत्सवात सारखी खांबामागं लपायची. मास्तरांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी बोलावून कॉम्प्युटरवर दाखवला.

"आदी काळंच व्हतं समदं. मंग मास्तरांनी काय केलं, उजेड वाढवला. आन् खांबामागनं हिरू निगाली! ह्यी अशी, दात काडून हसतिया! मी म्हनलं, आत्ताच द्या. तर त्यांच्याकडला कागद सपला व्हता. परतीला न्ये, म्हनले."

"मग नेला नाहीत परतीला?"

बनाबाईनं मान हलवली.

"परतीला ती न्हवती. खाली कोकनात तापानं गेली."

हेरंबचा हात थांबला.

"मंग ह्या वाटंला पाय उचलंना. दुसऱ्याच घाटानं उतरायचो. पर आता…" तिनं महाराजांकडे बघितलं. "आता तिचं तोंड नीट आटवंना झालंया, म्हाराज. डोळं मिटलं तर नाक येतंय, कवा नुसती येनी येतिया. समदी मिळून येत न्हाई. म्हनून आले. दुसरा फोटू न्हाई तिचा. आमची कुटली साळा आन् कुटला फोटू?"

तिच्या सांगण्यावरून हेरंबनं ते वर्ष उघडलं. फोटो सरकू लागले. एका फोटोशी तिनं एकदम त्याचं मनगट धरलं.

"ह्यो! हितं!"

पणत्यांची रांग, ओवरीचा दगडी खांब, आणि खांबाच्या डावीकडे काळं. त्या काळ्यावर तिनं बोट टेकवलं होतं.

"वाडवा उजेड."

हेरंबनं उजेड वाढवला.

पणत्या पांढऱ्याफटक झाल्या. खांब करडा झाला. खांबाशेजारचं काळं मळकट राखाडी झालं. त्यानं आणखी वाढवला. राखाडीत चौकोन उठले, बारीक बारीक, फरशीसारखे. त्यात नाक नव्हतं, वेणी नव्हती. कुणीच नव्हतं.

"आजून वाडवा की."

त्यानं पार शेवटपर्यंत नेला. चौकोन मोठे झाले.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

कच्च्या फाईलमध्ये होती ती. डोळ्यांना काळं दिसत असलं, तरी त्या काळ्यात कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. मास्तरांनी नुसता उजेड वाढवला आणि ती बाहेर आली. जेपीजी करताना मात्र कॉम्प्युटरनं काळं ते काळं धरलं, आणि दिसत नाही ते टाकून दिलं. कॉम्प्युटर बिचारा सांगितल्या कामाचा. सांगणारा हेरंब होता.

"दादा, काय झालं?"



"मूळ काढ," महाराज म्हणाले.

"महाराज…"

"कच्चं होतं ना? ते काढ."

"पुसलं."

"कुठून?"

"डिस्कवरून. सगळंच. जागा हवी होती."

"पुसलेलं परत येत नाही?"

"येतं कधीकधी… पण त्यावर दुसरं भरलं, की नाही."

"काय भरलंस?"

हेरंबनं मान खाली घातली.

"हेरंबा. काय भरलंस?"

"तुमची प्रवचनं, महाराज."

खालून मेंढरांचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

महाराजांचा चेहरा उतरला. हेरंबनं तो असा कधी पाहिला नव्हता. समोरच्याच्या घरी माणूस गेलं असलं तरी हलायचा नाही, असा तो चेहरा. मग ते आसनावरून उठले. गुडघे दुखत, म्हणून भिंतीचा आधार घेत उठले. बनाबाईसमोर आले, खाली बसले, आणि त्यांनी तिच्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

बनाबाई किंचाळलीच.

"म्हाराज! आवो म्हाराज, काय करताय ह्ये! मला पाप लावताय व्हय!"

तिनं पाय ओढून घेतले. गोविंदगिरी महाराज कुणाच्या पाया पडत नसत. मोठे मोठे लोक गाड्या घेऊन आले, तरी हे आसनावरून हलत नसत.

"माझी बडबड तुझ्या पोरीवर जाऊन बसली, बाई," महाराज म्हणाले. "तुझी पोर आता निघायची नाही."

बनाबाईला तेव्हा कळलं. ती स्क्रीनवरच्या राखाडी चौकोनांकडे बघत राहिली. तिनं शिव्या द्याव्यात, निदान एक थोबाडीत मारावी, असं हेरंबला मनापासून वाटत होतं. तसलं काही ती करत नव्हती. आणि तेच त्याला सोसवेना.

"मावशी," तो घाईघाईनं म्हणाला, "एक करता येईल. हल्ली कॉम्प्युटरला नुसतं वर्णन सांगितलं, की तो चेहरा तयार करतो. नाक कसं, डोळे कसे, तुम्ही सांगा. अगदी खरा वाटेल. कॉम्प्युटरनं केलाय, हे कुणाला ओळखू येणार नाही."

"हिरूचा?"

"हो. हिरूचाच."

"त्यानं हिरूला बगितलंया?"

"… नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या."

मग तिनं पुन्हा खांबाशेजारी बोट टेकवलं.

"उजेड कमी करा. पयल्यासारकं करा."

हेरंबनं केलं. चौकोन गेले आणि पुन्हा काळं झालं.

"ह्येच द्या कागदावर."

"मावशी, यात काही नाही हो."

"आसू दे. तितंच हुबी व्हती ती."

हेरंबनं महाराजांकडे बघितलं. महाराजांनी नजर उचलली नाही. मठाच्या कार्यालयात प्रिंटर होता. हेरंब गेला आणि खांबाशेजारचा तेवढाच भाग मोठा करून छापायला टाकला. शाई संपत आलेली असेल, निघणार नाही, अशी त्याला वेडी आशा होती. पण निघाला. ओल्या शाईनं जड झालेला, एका कडेला खांबाचा दगड आणि बाकी काळा कागद. तो हातात धरताना त्याला रडू फुटलं. त्यानं शाईच्या हातानंच डोळे पुसले, आणि काळी शाई गालाला लागली.

बनाबाईनं कागद दोन्ही हातांनी घेतला. फुंकर मारून वाळवला. बराच वेळ बघितला.

"झ्याक हाय," ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती.

ती जायला निघाली, तसं महाराजांनी विचारलं, "मेंढरं कधी निघतात?"

"उद्या पाटं."

"खाली किती दिवस?"

"शिमग्यापोतर."

"हा मुलगा तुमच्याबरोबर आला तर चालेल?"

हेरंबनं चमकून मान वर केली. बनाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मऊ तळवे, पांढरा झब्बा, गालावर शाई.

"येऊ द्या की. दोन भाकरी जादा थापीन. पर चालवंल का त्याला?"

"चालेल," महाराज म्हणाले.

ती उतरणीला लागली. कागद तिनं घडी न घालता छातीशी धरला होता. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघं बघत राहिले.

"महाराज," हेरंब म्हणाला. "उद्या पहाटे? परवा माझी दीक्षा आहे."

"होती."

घर सोडताना, नोकरी सोडताना, आई दाराशी रडत असताना त्याला इतकं हादरल्यासारखं झालं नव्हतं. तेव्हा हाताशी हा दिवस होता.

"मला घालवून देताय?"

"कामाला पाठवतोय."

"मला मेंढरांतलं काय कळतं?"

"मेंढरं ती सांभाळेल. तू तिला हिरू विचार. कशी होती, काय खायची, कशाला रडायची. रोज विचार. ती सांगून कंटाळली तरी विचार."

"त्यानं काय होईल?"

"एक दिवस हिरू सबंध दिसली, की परत ये."

"कुणाला दिसली म्हणजे? तिला… की मला?"

महाराज आसनाकडे वळले. बसले नाहीत. आसनाची घडी घालून त्यांनी ती काखेत मारली आणि जमिनीवरच बसले.

मग हेरंबनं, जे विचारायची त्याला भीती वाटत होती, तेच विचारलं.

"आणि शिमग्यापर्यंत नाहीच दिसली तर, महाराज?"

"मग ती जो काळा कागद बघत बसणार आहे, तोच तूही बघत बस."