नावावरची काळी पट्टी

‘नाव झाकलं, मग गुपित फुटेल कसं, बाबा?’

हे विचारणारे आवारे, आमच्या नगरपालिकेचे माहिती अधिकारी. कुठलंही कलम विचारा, झोपेत सांगतील, आणि त्याचा थोडा ताठाही आहे. ऐकणारे लतीफबाबा, टेकडीवरच्या दर्ग्यात झाडलोट करणारे म्हातारे फकीर. मी तिथंच दर्ग्यात, शेजारी चहा घेत बसलो होतो.

आवाऱ्यांच्या मांडीवर उघडा लिफाफा होता. पाणीपुरवठा विभागातल्या एका बाईनं आपल्या साहेबांविरुद्ध तक्रार केली होती. माहितीच्या अधिकारात कुणी तिची प्रत मागितली होती, आणि दुपारच्या टपालानं ती जायची होती.

‘मागतो कोण?’ बाबांनी विचारलं.

‘साहेबांचा मेव्हणा.’

‘त्याला काय करायचंय?’

‘विभागात बाया पाच. त्यातल्या कुणाची तक्रार, ते साहेबांना कळत नाहीये... तेवढंच हवं असणार. पण कारण विचारायची मला मुभा नाही.’

‘आणि ती बाई?’



‘काल टेबलापाशी येऊन रडली हो. नवरा नाही, पोरगी दहावीला. म्हणाली, नाव फुटलं तर मला इथं टिकू देणार नाहीत... मी म्हटलं, ताई, निर्धास्त घरी जा. नावं मी स्वतः काळी करतो. माझ्या टेबलावरून नाव बाहेर जाईल, काय बिशाद.’

हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. माणूस मनानं चांगला आहे, हे मी आजही सांगेन.

बाबांनी हात पुढं केला. कागद घेतला, उठले आणि उन्हात धरला.

मजकुरात साहेबांचं नाव चार ठिकाणी होतं. चारही पट्ट्या काळ्याकुट्ट, तव्याच्या बुडासारख्या. पलीकडचं काही दिसेना.

कागदाच्या अगदी पहिल्या ओळीत, ‘अर्जदार’ या शब्दापुढं, बाईचं नाव. त्या पट्टीतून ऊन आरपार आलं. नावही आलं, अक्षर न् अक्षर.

बाबांनी ते उच्चारलं नाही. मीही इथं लिहीत नाही.

आवारे उभे राहिले. कपाळावर घाम आला होता.

‘मार्कर सुकला हो, बाबा... शेवटी शेवटी शाईच उतरेना. घासून घासून मारला. माझ्या मनात तसलं काही नव्हतं, देवाशप्पथ.’

‘ठाऊक आहे, बेटा.’

बाबांनी कागदाची नीट घडी घातली. आवाऱ्यांच्या हातात ठेवली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला...

‘सुरुवात कुणापासून केलीस?’